घड्याळात न दिसणारा बैल

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रांच्या तारखा फलकांवर आणि मोबाइलच्या स्टेटसवर एकदमच झळकू लागतात. तमाशाच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांमध्ये ठरतात, आखाड्यासाठी मल्लांना निरोप जातात आणि घाट दुरुस्तीला माणसे लागतात. घाट म्हणजे चढाची, काही शे फुटांची धावपट्टी. तिच्या दोन्ही अंगांना सकाळपासून माणसांच्या भिंती उभ्या राहतात. वर निशाण, खाली जुंपणी, ध्वनिक्षेपकावर घसा ताणणारा निवेदक. ‘भिर्रर्र’ झाली की पुढे घोडी, मागे चार बैल. बारी दहा-बारा सेकंदांत संपते. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भागही सांगते आणि त्या शंभराव्या भागावर एखाद्याचा गाडा घाटाचा राजा ठरतो, एखाद्याचा राहून जातो.

बारी आणि बारी यांच्यामधल्या वेळात घाटावरची तरुण पोरे मोबाइल काढतात. कुणी मघाचीच बारी पुन्हा बघतो, कुणी खेळत बसतो. त्या खेळांपैकी ‘पोकेमॉन गो’ हा खेळ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला. त्यात खेळाडू चालता-फिरता काल्पनिक प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवतो. पडद्यावर प्राण्याच्या डोक्यावर ताकदीचा एक ठळक आकडा दिसतो. पण त्याच्या आत आणखी तीन आकडे दडलेले असतात : एक हल्ल्याचा, एक बचावाचा, एक दमाचा. प्रत्येक शून्य ते पंधरा. हे आकडे प्राणी सापडतो त्या क्षणी ठरतात आणि कितीही खाऊ घातले, कितीही लढवले तरी बदलत नाहीत. प्रत्येकी सोळा शक्यता, म्हणजे एकूण ४०९६ जोडण्या. तिन्ही ठिकाणी पंधरा असलेला प्राणी रानात सापडण्याची शक्यता साधारणपणे ४०९६ मध्ये एक. तो सापडावा म्हणून जगभरची माणसे मैलोन्‌मैल चालली आहेत.

या दडलेल्या आकड्यांनी झुंजीत नेमका किती फरक पडतो, हा त्या खेळातला जुना वाद. खिल्लार खोंडाच्या अंगात जन्मतः काय असते आणि त्यातले किती घाटात उतरते, हा या दोन तालुक्यांतला त्याहून कितीतरी जुना वाद. पडद्यावर उत्तर गणिताने मिळते. इथे त्यासाठी लाखो रुपये मोजले जातात आणि एका जिवंत जनावराचे आयुष्य त्यावर ठरते. म्हणून हा प्रश्न मला करमणुकीचा वाटत नाही.

आधी पडद्यावरचे गणित. ‘मॅचँप’ नावाचा चार हातांचा पहिलवान प्राणी घेऊ. त्याच्या जातीचा हल्ल्याचा मूळ आकडा २३४. दडलेला आकडा शून्य असेल तर २३४ च राहतो, पंधरा असेल तर २४९ होतो. दोघांची पातळी सारखी असेल तर फरक सहा-साडेसहा टक्क्यांचा. याच खेळात समोरच्याच्या जातीवर भारी पडणारा डाव टाकला तर मार थेट साठ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जातीची निवड चुकली तर अंगातले पंधराचे पंधरा गुण मातीत जातात. शिवाय प्रत्येक घावाचा हिशेब पूर्णांकात होतो. वरचा अपूर्णांक टाकून दिला जातो. हिशेब ४.३ आला काय नि ४.६ आला काय, घाव तोच बसतो. पण ४.९ चा ५.१ झाला की प्रत्येक घाव एकाने वाढतो आणि तो फरक झुंज संपेपर्यंत साचत जातो. एरवी निरुपयोगी असलेला गुण अशा एखाद्या उंबरठ्यावर सगळे फिरवून टाकतो.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. या खेळातल्या एका गटात प्राण्याच्या ठळक आकड्याला १५०० ची मर्यादा असते. तो आकडा काढताना हल्ल्याला जास्त वजन मिळते, बचावाला आणि दमाला कमी. म्हणून ज्याचा हल्ला शून्य आणि बचाव-दम पंधरा, तो प्राणी मर्यादा न ओलांडता जास्त वाढवता येतो आणि झुंजीत जास्त वेळ टिकतो. सर्वगुणसंपन्न प्राणी तिथे मागे पडतो. मर्यादा नसलेल्या गटात मात्र तोच पुढे असतो. तिथे एकाच जातीचे दोन प्राणी समोरासमोर आले आणि दोघांनी एकाच क्षणी मोठा डाव टाकला तर ज्याचा हल्ला जास्त त्याचा डाव आधी लागतो. गुण एकच, पण एका आखाड्यात भार आणि दुसऱ्यात जीव वाचवणारा. त्याची किंमत ज्या नियमाखाली तो मोजला जातो त्यावर ठरते.

आता बेल्ह्याला जाऊ. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या या गावी सोमवारी जनावरांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आणि दलाल हातावर रुमाल किंवा टॉवेल टाकून बोटांनी भाव करतात, शेजारच्याला आकडा कळत नाही. खोंड बघणारा आधी त्याचे तोंड उघडतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालचे आठ असतात. दुधाचे दात शाबूत असतील तो आदत. साधारण दोन वर्षांच्या पुढे कायमचे दोन आले की दुसा, मग चौसा, मग सहादाती, सगळे आले की जुळला. मग नजर खुरांवर जाते, पुढच्या पायांच्या ठेवणीवर, छातीच्या रुंदीवर, वशिंडावर, पोळीवर, कातडीच्या तलमपणावर. चालवून बघतात, वळवून बघतात. आणि शेवटी हात फिरतो भोवऱ्यांवर. कपाळावर कुठे आहे, पाठीवर कुठे, गोम कोणत्या दिशेने वळली आहे. चांगल्या-वाईट भोवऱ्यांवरून मोठे सौदे मोडल्याच्या कथा या बाजारात कुणीही ऐकवील.

शिकलेला माणूस भोवऱ्यांना अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. मला तसे मोकळे होता येत नाही. जनावरांच्या वर्तनाच्या अमेरिकन अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोड्यात धरलेल्या जनावरांची अस्वस्थता त्यांनी नोंदवली आणि कपाळावरच्या भोवऱ्याची जागा तिच्याशी ताडून पाहिली. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता ती जनावरे जास्त बिथरत होती. गर्भात कातडी आणि मज्जासंस्था एकाच थरापासून तयार होतात, त्यामुळे असा संबंध असणे अगदीच अतर्क्य नाही. याचा अर्थ भोवरा मालकाचे भाग्य सांगतो असा मुळीच नव्हे, आणि बैल किती पळेल हेही तो सांगत नाही. पण बुजरेपणाची काहीतरी खूण कपाळावर असू शकते, एवढे त्यातून दिसते. बाजारातल्या जुन्या जाणत्यांनी निरीक्षण आणि समजूत एकाच गाठोड्यात बांधून पुढे दिली. ते गाठोडे सोडून नीट निवडायचे काम आपल्याकडे कुणी केले पाहिजे.

घाटात पळणारे बहुतेक बैल खिल्लार. ही जात मूळची इकडची नव्हे, माणदेशातली. आटपाडी, म्हसवड, खरसुंडी ही तिची गावे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतला खिल्लारांचा बाजार महाराष्ट्रभर माहीत आहे. तिथल्या दुष्काळी रानात ज्या शेतकऱ्याने गाय सांभाळली, वळू निवडला, वासरू वाढवले, त्याच्या कष्टांवर जुन्नर-आंबेगावचे घाट उभे आहेत. नाव मात्र बारी जिंकणाऱ्याचे होते. खोंड विकताना सांगितले जाते : हा अमक्या वळूचा, याचा भाऊ तमक्या घाटात पळतो. हे ऐकून किंमत दुप्पट होते. तर या रक्ताचा खरा वाटा किती?

बैलांवर याचा पक्का अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण शर्यतीच्या घोड्यांवर आहे, आणि त्यांच्या वंशावळी तर पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या आहेत. डब्लिनच्या विद्यापीठातील एमेलीन हिल यांच्या गटाने २०१० मध्ये स्नायूंच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर बोट ठेवले. त्याच्या एका रूपाचे घोडे कमी अंतरात वेगवान, दुसऱ्या रूपाचे लांब पल्ल्यात टिकाऊ. घाटातल्या दहा सेकंदांच्या झेपेला आणि मैलभर ओढायला एकच रक्त लागत नाही, हे इथल्या मालकांना ठाऊकच आहे. त्याला तिथे जनुकाचा आधार मिळाला. पण त्याआधी, २००८ मध्ये, एडिनबरा विद्यापीठातील दोन संशोधकांनी घोड्यांच्या आयुष्यभराच्या बक्षिसांचा हिशेब मांडला होता. घोड्याघोड्यांच्या कमाईत जो फरक पडतो त्यातला जेमतेम दहा टक्के वारशाने आलेला निघाला. बाकीचा वाटा चारा, तालीम, सराव देणारा माणूस, स्वार, कोणत्या शर्यतीत उतरवायचे याची निवड, अशा गोष्टींचा. नावाजलेल्या वळूसाठी मोजलेले पैसे चांगल्या रक्तापेक्षा पुष्कळदा त्याच्या नावाला जात होते.

दहा टक्के आणि पडद्यावरचे साडेसहा टक्के हे दोन आकडे वेगळ्याच गोष्टी मोजतात, त्यांची बेरीज-वजाबाकी करता येणार नाही. तरी दोन्हींचा कल एकाच दिशेला आहे. दडलेले असते, खरे असते, पण आपण त्याला देतो त्या किमतीइतके मोठे नसते.

आणि घाटात तर एक बैल पळतच नाही. या भागातल्या गाड्याला चार बैल : पुढे जुकाटाला दोन, मागे धुरेला दोन. गाड्यावर बहुधा माणूस नसतो. त्यांना ओढून नेते ती पुढची घोडी आणि त्यांची आपली सवय. चारांपैकी तीन कितीही वेगवान असोत, चौथा मागे पडला की जू तिरपे होते, दोर ताणतो, गाडा एका अंगाला ओढला जातो आणि सेकंद वाढतात. गाडा सर्वांत मंद बैलाच्या चालीने पळतो. म्हणूनच मालकांचे खरे डोके जुळवाजुळवीत चालते. धुरेला वजन सोसणारा, सरळ रेषेत राहणारा बैल हवा. पुढे घोडीवर नजर ठेवून झेपावणारा हवा. डाव्या अंगाला पळणारा उजवीकडे जुंपला तर बिथरतो. दोन वेगळ्या गावांचे मालक आपापले बैल एकत्र आणून जुगलबंदी करतात ती याचसाठी. एकट्याने नाव नसलेला बैल योग्य जोडीला लागला की घाट गाजवतो, आणि पाच-सात लाखांचा बैल चुकीच्या जोडीला लागून रिकाम्या हाताने घरी येतो. इथे अंगातला गुण शेजारच्याच्या अंगातल्या गुणावर टेकून उभा असतो. मोबाइलच्या खेळात तीन प्राण्यांचा संघ निवडताना खेळाडू हेच करतात, पण तिथे प्राण्यांना एकमेकांची सवय व्हावी लागत नाही.

सवय हा मोठा शब्द आहे. खोंडाला आधी गर्दीची, मग घोडीची, मग जुवाची, मग ध्वनिक्षेपकाची सवय लावावी लागते. नांगरटीत चालवणे, पोहायला सोडणे, सरावाचे फेरे, सरकी, पेंड, मका, दूध. हे करणारी माणसे पहाटे उठतात आणि बहुतेक वेळा ती मालकही नसतात. घरातला म्हातारा, शाळा सोडलेला पुतण्या, वर्षाच्या बोलीवरचा गडी. बैलाला ज्याचा आवाज कळतो तो हा माणूस. यात्रेच्या फलकावर त्याचा फोटो क्वचित असतो. त्या दहा-बारा सेकंदांत सर्वांत मोठा वाटा कुणाचा, असे मला विचारले तर मी वळूच्या आधी या माणसाचे नाव घेईन.

घाटाचे नियमही पाहायला हवेत. उत्तर पुणे जिल्ह्यात गाडे घड्याळातल्या सेकंदांवरून नंबरात बसतात. ठरलेल्या वेळेच्या आत येतील ते सगळे पहिल्या नंबरात, त्यापुढचे दुसऱ्या, मग तिसऱ्या. बक्षिसाची रक्कम नंबरातल्या गाड्यांत वाटली जाते. पहिल्या नंबरात बसण्यापुरता पळणारा गाडा आणि त्याहून थोडा वेगवान गाडा यांना सारखाच वाटा मिळू शकतो. अंगातला शेवटचा कण लागतो तो सीमारेषेवर, नाहीतर घाटाच्या राजासाठी. टक्काभराचा फरक इतर वेळी कुणाला दिसतही नाही; बारा सेकंदांच्या बारीत तो बारा शतांश सेकंद असतो, आणि सीमारेषेवर त्याच बारा शतांशांनी नंबर बदलतो. मालक अंगातल्या गुणामागे वेडे होतात ते यामुळे, आणि त्या वेडात तथ्य आहे. चारा, जोडी, सराव सगळ्यांचाच उत्तम झाला की उरतो तो फक्त जन्मजात फरक. अव्वल दहा गाड्यांत तो निर्णायक असेल. उरलेल्या शेकडो गाड्यांना तो नसल्यासारखाच, आणि पैसा मात्र सगळेच त्याच्यासाठी ओततात. कर्ज काढून बैल घेणाऱ्या घराने निदान एवढे तरी समजून घ्यावे.

आतापर्यंत बोललो ते जिंकायला उपयोगी पडणाऱ्या गुणांबद्दल. बैलाच्या आत आणखी एक गोष्ट दडलेली असते, तिच्याबद्दल घाटावर फारसे बोलले जात नाही. भीती. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने बैलाचा समावेश खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. बैलाच्या शरीराची रचना शर्यतीत पळण्यासाठी नाही, तो पळतो तो वेदनेने आणि भयाने, असा त्या निकालाचा गाभा होता. शेपट्या पिरगाळणे, चावणे, टोचणे यांची वर्णने न्यायालयापुढे आली होती. ती खोटी होती असे कुणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही.

पुढे शर्यतींना वाट मोकळी करण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली. बैलाला वेदना किंवा छळ झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तरी उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, कारण प्रश्न तोच राहिला : नियम केल्याने बैलाचे शरीर बदलते का? त्यावर राज्य सरकारने जाणकारांची समिती नेमली आणि बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवाल करून घेतला. बैल पळू शकतो की नाही, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद व्हावा, ही घटनाच विलक्षण आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ला ठरलेली शर्यत करोनामुळे ऐनवेळी रद्द झाली. फेब्रुवारीत शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी शब्द दिल्याप्रमाणे खेड तालुक्यातल्या निमगावच्या घाटात गाड्यापुढे घोडी धरली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

कायद्याचा वाद मिटला. बैलाचा मिटला का, हे त्या बैलाला तपासल्याशिवाय कळणार नाही. बैल पळू शकतो हे मला पटते. खिल्लाराची चपळाई डोळ्यांनी दिसते. पण पळू शकणारा प्रत्येक बैल गर्दीत, आवाजात, जुवाला बांधलेल्या अवस्थेत पळायला तयार असतो असे नाही. बुजरा खोंड आणि हौसेने झेपावणारा खोंड एकाच वेळेत निशाण ओलांडू शकतात. घड्याळात दोघांचे सेकंद सारखे. आत मात्र एकाचे काळीज भीतीने धडधडते आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला तेव्हा तर आणखी एक दडलेली गोष्ट वर आली. राज्यभर जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद झाल्या, बेल्ह्यासारख्या बाजारांत शुकशुकाट झाला. रोगाने घाटातली कामगिरी पाहिली नाही. कुणाच्या अंगात तग धरण्याची शक्ती किती, हे आधी कुणी बघितलेच नव्हते. भोवरे मोजले होते, दात मोजले होते.

आता बैलाच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. लसीकरण, खरेदी-विक्री, उपचार त्या आकड्यावर नोंदवता येतात. घाटाच्या वहीत मात्र सहसा मालकाचे नाव, गाव आणि सेकंद एवढेच लिहिले जाते. प्रत्येक बारीला चारही बैलांचे बिल्ले, धुरेला कोण, जुकाटाला कोण, आणि माहीत असेल तिथे आई-बाप लिहिले, तर चार-पाच हंगामांत या दोन तालुक्यांच्या घाटांमधून अशी माहिती जमेल जिच्यावर पशुवैद्यक महाविद्यालयांतला विद्यार्थी रक्ताचा वाटा आणि जोडीचा वाटा वेगळा काढू शकेल. माणदेशातल्या गाय सांभाळणाऱ्यालाही आपल्या वासराचे मोल दाखवता येईल. खर्च एका वहीचा आणि ती लिहिणाऱ्या एका पोराचा.

त्या वहीत आणखी दोन रकाने असावेत, असे मला मनापासून वाटते. शांत उभ्या बैलाच्या अंगाचे तापमान साधारण साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. घाटावर पशुवैद्यकाची तपासणी व्हायचीच आहे, तर बारी संपल्यावर दहा मिनिटांनी बैलाचे तापमान आणि श्वास मोजून लिहावेत. जो लवकर निवतो त्याला पुढची बारी द्यावी. ज्याचा श्वास खाली येत नाही, डोळे पांढरे होतात, जो घाटाच्या नावानेच पाय रोवतो, त्याला त्या यात्रेपुरते तरी खुंट्यावर राहू द्यावे, त्याचे सेकंद कितीही चांगले असोत.

भाद्रपदी पोळ्याला या भागात शिंगे रंगतात, अंगावर झूल चढते, तेव्हा पळणारा आणि न पळणारा बैल एकाच मिरवणुकीत असतो. पुढचा हंगाम त्यानंतर काही महिन्यांतच सुरू होतो. पौषी पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाची यात्रा भरते आणि गाडे घाटाला येतात. वही तिथून सुरू करता येईल.